सदतीस नंबर

आमच्या ह्यांना एका गोष्टीचा भारी अभिमान. नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत उभा जन्म काढला, पण एक खुर्ची दोघांना विकली असं एकदाही झालं नाही. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा झालंय की मुलाला ते बोबड्या वयातच पाठ झालं असावं. पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत हे सुरू. समोर खुर्च्यांचा प्लॅन पसरलेला, हातात निळी पेन्सिल, काचेपलीकडे झुंबड, कानाशी फोन खणखणतोय, तरी प्लॅनवर फुली मारल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही. पाहुणे माना डोलावतात. मी बशा उचलते आणि मूग गिळून आत जाते. का, ते सांगेन. ठाऊक असलेलं सगळं लगेच ओकून टाकायची मला सवय नाही.

मी पडदे शिवते. लोक म्हणतात माझा स्वभाव तिखट आहे. कापड बोटभर कमी भरलं की मी दुकानदाराला उभंआडवं घेते, त्याला तिखट म्हणत असतील तर खुशाल म्हणोत. पण आज मला कुणावर तोंड सोडायचं नाही. आज मला माझ्या सुनेचं कौतुक करायचंय, आणि तेही मनसोक्त.

निवृत्त झाल्यावर ह्यांच्याकडे वाटायला खुर्च्याच उरल्या नाहीत. माणूस नुसता घरभर फिरायचा, फडताळातल्या डब्यांच्या जागा बदलायचा, माझ्या शिव्या खायचा. अशात आमचा प्रिंटर वायफायवरून सारखा हरवायला लागला. मुलगा चष्म्याच्या दुकानात आहे, लोकांचे नंबर काढतो. त्याने वडिलांना दाखवलं की घरातल्या प्रत्येक यंत्राला वायफायवर एक आयपी ॲड्रेस असतो, म्हणजे नंबर. एरवी तो राउटर आपल्या मर्जीने वाटतो, पण यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण हाताने लिहिला तर तो कायमचा होतो. ह्यांचे डोळे लकाकले.

"म्हणजे ज्याची त्याची खुर्ची ठरलेली?"

"तसंच समजा, बाबा."

झालं! त्या आठवड्यात ह्यांनी घरभर खुर्च्या वाटल्या. दारावरचा कॅमेरा पहिल्या रांगेत, कारण तो राखणदार. टीव्ही मधोमध. प्रिंटर अगदी कडेला, कारण तो मध्येच उठून जातो आणि सगळ्यांना पाय आखडून घ्यावे लागतात. माझ्या फोनला दाराजवळची खुर्ची, कारण मला म्हणे धीर नसतो. स्वतःच्या टॅबला मात्र ह्यांनी सदतीस नंबर दिला. सदतीसच का, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आता सून. तिचा थोरला भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. ती बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली. एकदा तो भाऊ पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेला आणि अख्खा दिवस बाकावर बसून राहिला. कुठे दुखतंय, कसं दुखतंय, हे त्याचे हात सांगत होते आणि समोरच्या कुणाला कळत नव्हतं. ही तेव्हा परगावी होती. रात्री पोचली, तेव्हा तो म्हणाला, मी भिंतीशी बोलत होतो. तेव्हापासून हिने ठरवलं की आपण दवाखान्यातली दुभाषी व्हायचं. डॉक्टर बोलणार, ही हातांनी सांगणार. रोगी हातांनी सांगणार, ही बोलणार.

अशी दुभाषी माणसं व्हिडिओवरून दवाखान्यांना पुरवणारी एक संस्था आहे. घरी बसायचं, आणि कुठल्याही गावच्या दवाखान्यात ज्याला गरज असेल त्याच्यासमोर पडद्यावर उभं राहायचं. हिने अर्ज केला. तोंडी, लेखी सगळं पार पडलं. उरली ती प्रत्यक्ष परीक्षा. एक डॉक्टर, एक ऐकू न येणारा माणूस, दोन परीक्षक, आणि पडद्यावर ही. मी तिच्या पाठीमागे लावायला गडद निळा सुती पडदा शिवून दिला. एक चुणी नाही, एक फूल नाही, कारण मागे नक्षी असली की हात नीट दिसत नाहीत. जन्मभर झालरी लावत आले, पण हा सपाट पडदा शिवताना जेवढं जीव ओतून काम केलं तेवढं कधी केलं नव्हतं.

आणि ऐन परीक्षेत लाइन तुटली.

आवाज अडखळला तर माणूस अंदाजाने सावरून घेतो. हातांचं तसं नाही. हात हवेत थिजला की वाक्यच मेलं. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे त्या थिजलेल्या हातात अडकून पडतं. परीक्षकांनी समजुतीने घेतलं, दुसरी तारीख दिली. दुसऱ्या वेळीही तेच झालं. मग निरोप आला की एक शेवटची संधी देतो. तुमच्या हातांविषयी शंका नाही, पण रोग्याच्या जिवाशी खेळता येणार नाही. तिसऱ्यांदा तुटली तर अर्ज बंद.

मला त्यांचा राग आला, पण त्यांचं चुकलं काय?

घरात जो तो वैद्य झाला. मुलाचं एकच औषध, "राउटर बंद करून चालू करा." एवढ्यांदा बंद-चालू केला की बिचाऱ्या राउटरला चक्कर आली असेल. मी म्हटलं, भिंत जाड आहे. राउटर काढून तिच्या दाराशी आणून टांगला, काही फरक नाही. हे मात्र खुर्चीत टेकून शांतपणे म्हणाले, "तिचा लॅपटॉप नवा आहे. त्यातच खोट असणार. माझ्या मांडणीत गडबड नाही. एकेक नंबर मी हाताने दिलाय."

सुनेचे हात ओढणीच्या टोकाशी चाळा करायला लागले, आणि तिचे हात मला वाचता येतात. तिला रडू येत होतं. मी ह्यांच्यावर डोळे वटारले. ते छताकडे बघत होते.

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दुपारी ती मला म्हणाली, "आई, समोर बसता का? तुम्ही डॉक्टर व्हा. माझी मैत्रीण पलीकडून रोगी होईल. जेव्हा तुटेल तेव्हा मला बघायचंय, नक्की काय होतं."

मी डॉक्टर झाले. जिभेला हाड नाही, त्यामुळे मला ते सोपं गेलं. पथ्यं सांगितली, दटावलं, औषधं बदलली. तिचे हात चालू होते. माझ्या सुनेचे हात बघावेत! मी एक वाक्य बोलते तोवर त्यातली भीती ती वेगळी काढते, त्यातली सूचना वेगळी ठेवते, आणि समोरच्याला दोन्ही नीट पोचवते. मी बोलता बोलता थांबून बघतच राहिले. आणि तेवढ्यात चित्र थिजलं.

पण या वेळी तिने व्हिडिओ पडदाभर पसरलेला नव्हता. कोपऱ्यात एक छोटी पाटी उमटली. ती पुढे वाकली आणि मोठ्याने वाचलं, "या नेटवर्कवर दुसऱ्या एका यंत्राचाही हाच आयपी ॲड्रेस आहे."

"म्हणजे गं?"

"म्हणजे माझ्या खुर्चीवर आणखी कुणीतरी बसलंय, आई."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण आता त्यात पाणीच नव्हतं. हा चेहरा मी ओळखते. माप चुकलंय हे कळल्यावर माझा होतो, तसा. तिने घरातलं प्रत्येक यंत्र बंद करायला सांगितलं. मी पदर खोचला. टीव्ही बंद, प्रिंटर बंद, कॅमेरा बंद, माझा फोन बंद. लाइन लगेच सुरळीत झाली. मग ती मैत्रिणीशी हातांनी बोलत राहिली आणि मी एकेक यंत्र चालू करत गेले. कॅमेरा लावला, तिचे हात चालूच. प्रिंटर कुरकुरला, हात चालू. टीव्ही लावला, तरी चालू. माझी दमछाक व्हायला लागली आणि चोर काही सापडेना.

"बाबा कुठे आहेत?" तिने विचारलं.

हे आपल्या खोलीत होते. तिच्या कामात आवाज नको म्हणून दार लावून, कानात हेडफोन घालून, दुपारचं नाटक लावून मध्येच पेंगलेले. ही ह्यांची रोजची दुपार. परीक्षेच्या दिवशीही ते असेच बसले होते, अगदी गुपचूप, सुनेला त्रास नको म्हणून. माझ्या चाहुलीने हे जागे झाले, टॅब मात्र मांडीवर झोपलेला. ह्यांनी त्यावर बोट टेकवलं, पडदा उजळला, आणि पलीकडच्या खोलीतून हाक आली, "आई, तुटली!"

मी त्या टॅबकडे बघितलं आणि जागीच थबकले. सुनेची लाइन तुटली म्हणून नव्हे. त्या टॅबचा नंबर मला माहीत होता म्हणून.

सून दारात आली. "बाबा, टॅबला कुठला नंबर दिलाय?"

"माझ्या टॅबचा काय संबंध?" हेडफोन मानेवर आले. "त्याला मी स्वतः दिलाय. सदतीस."

"माझ्या लॅपटॉपलाही सदतीसच आहे."

"शक्य नाही. तुला मी नंबर दिलेलाच नाही!"

"तुम्ही नाही, राउटरने दिलाय." तिचा आवाज एवढा हलका होता की जणू शेजारी कुणी आजारी माणूस निजलंय. "बाबा, तुम्ही टॅबला सांगितलंत की तू सदतीसवर बस. पण राउटरला कुठे सांगितलंत, की सदतीस गेला? त्याच्या लेखी ती खुर्ची अजून विकायचीच आहे. नंबर देण्याआधी तो फार तर एकदा डोकावून बघतो. तुमचा टॅब तेव्हा झोपलेला असतो, खुर्ची रिकामी दिसते. मग तो मला देतो. दुपारी टॅब जागा होतो, आणि आम्ही दोघं एका खुर्चीवर."

"आणि बंद करून चालू केलं की?"

"जुन्या गिऱ्हाइकाला तो शक्यतो जुनीच खुर्ची देतो."

मी ह्या माणसाला चिडलेला बघितलाय, हट्टाने तोंड फिरवून बसलेला बघितलाय. मला वाटलं, आता म्हणतील लॅपटॉपच नवा आहे. मी वाक्य तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं. तेवढ्यात हे उठून उभे राहिले, खिडकीपुढे कुणी बाई माणूस आल्यावर राहायचे तसे.

"म्हणजे राउटर खिडकीत बसून इमानाने तिकिटं विकतोय," हे म्हणाले, "आणि मी मागच्या दाराने माणसं आत सोडतोय. अशा डोअरकीपरला मी दोनदा कामावरून काढायला लावलं होतं." मग तिच्याकडे सरळ बघत म्हणाले, "चूक माझी आहे. तुझा लॅपटॉप चांगला आहे. सदतीस नंबर माझ्या हातून दुसऱ्यांदा दोघांना गेला."

सुनेच्या भुवया वर गेल्या. "दुसऱ्यांदा? मग पहिल्यांदा कधी?"

ह्यांचे कान लाल झाले. "ते राहू दे. आधी तुझं काम."

खरं सांगते, त्या क्षणी माझं ते झोंबणारं वाक्य कुठल्या कुठे गेलं. जन्मभर मिरवलेला एकच बिल्ला या माणसाने सुनेसमोर स्वतःच्या हाताने काढून ठेवला, आणि तेही 'पण' न लावता. मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. बोलले अर्थातच नाही. आत जाऊन चहा टाकला आणि आलं जरा जास्त ठेचलं.

चहा घेऊन आले तर दोघं राउटरचं पान उघडून शेजारी शेजारी बसलेले. सून म्हणत होती की टॅब पुन्हा आपोआपवर टाकू, सगळा गुंता सुटेल. ह्यांनी मान हलवली.

"गुंता आज सुटेल. उद्या प्रिंटरवर कुणी बसलं म्हणजे? आमच्याकडे बाजारात दुसरी खिडकी उघडली ना, तेव्हा आम्ही प्लॅनच फाडून दोन केले होते. पुढच्या रांगा या खिडकीच्या, मागच्या त्या खिडकीच्या. एकमेकांच्या रांगेत बोटसुद्धा घालायचं नाही. या राउटरला असं सांगता येतं का?"

सून हसली. त्या सबंध महिन्यात पहिल्यांदा. "येतं की, बाबा. त्याला म्हणायचं, शंभराच्या पुढचेच नंबर वाट. शंभरापर्यंतचे आपले."

"मग लिही. आणि त्या शंभरात तुझाही नंबर लिही. राउटरच्याच प्लॅनवर, म्हणजे त्याला माहीत असलेला बरा. सदतीस."

"बाबा, मला कुठलाही चालेल. सदतीस तुमचा आहे."

"सदतीसच," हे म्हणाले. "टॅबला अडतीस टाक."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "टाक गं. ते सांगतात ते कर." एवढ्या लवकर मी ह्यांच्या बाजूने बोलले म्हणून दोघंही दचकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा. तिने काळा सदरा घातला, निळा पडदा मी स्वतः ताणून बसवला. मुलगा दुकानातून फोन करून म्हणाला, "आई, सगळी यंत्रं बंदच ठेवा. बाबांचा टॅब आधी बंद करा. कशाला विषाची परीक्षा?" मला पटलं. ह्यांनाही पटलं. ते टॅब बंद करायला निघाले, तशी सून दारातून म्हणाली, "नाही बाबा, चालू ठेवा. रोज बघता तसं नाटक बघा."

"अगं, वेडी आहेस का?" मी ओरडले. "आजचा दिवस तरी!"

"आई, उद्यापासून हे माझं रोजचं काम असेल. मग रोज बाबांची दुपार बंद ठेवायची का? काल संध्याकाळभर आम्ही दोन्ही चालवून बघितलंय. आणि बाबांनी दिलेल्या खुर्चीवर बसलेय मी. मला कोण उठवणार?"

ती आत गेली. ह्यांनी एक खुर्ची तिच्या दाराबाहेर आणून ठेवली, राउटरच्या खाली, आणि टॅब मांडीवर घेऊन बसले. नाटक लावलं, पण बघत नव्हते. नजर राउटरच्या हिरव्या दिव्यावर. मी भाजी निवडायला घेतली आणि चांगली पानं टाकून देठ ठेवत गेले.

दार किलकिलं होतं. मला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, फक्त तिची पाठ आणि दोन्ही बाजूंना उडणारे हात. डॉक्टर भराभरा बोलत होते. मुद्दामच असणार, परीक्षाच ती. मध्ये एकदा तिने त्यांना थांबवलं. "डॉक्टर, ते विचारतायत की ही गोळी आणि त्यांची आधीची गोळी एकत्र चालेल का. आणि मला दिसतंय ते सांगते, ते घाबरलेले आहेत." पलीकडे जरा शांतता झाली. मला वाटलं, तुटली. ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग डॉक्टरांचा आवाज आला, या वेळी सावकाश, "त्यांना सांगा, घाबरू नका. मी परत समजावतो." आणि हात पुन्हा उडायला लागले.

लाइन तुटली नाही. शेवटपर्यंत तुटली नाही.

ती बाहेर आली तेव्हा आम्ही दोघं उभेच होतो. तोंडाने तिला काही सांगताच येईना. मग तिने हातांनी सांगितलं. मला तिच्या भाषेतली चारच वाक्यं येतात, पण हे मला कळलं. घेतलं मला. मी तिला एवढं घट्ट धरलं की तीच म्हणाली, आई, सोडा. मग तिने भावाला व्हिडिओ लावला. तिकडे त्याचे हात एवढे नाचले की त्याच्या हातून फोन पडला आणि आम्हाला बराच वेळ त्याच्या घराचं छत दिसत राहिलं. ह्यांनी ते छत बघूनही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मुलगा आला, सगळे टेबलाभोवती बसलो, तशी सून ह्यांच्याकडे वळली. "आता सांगा. पहिल्यांदा कधी?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे मला परवानगी होती.

मग मी सांगितलं. एका संध्याकाळी मी एकटीच नाटकाला गेले होते. खिडकीतला माणूस प्लॅनकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होता. त्याने मला तिकीट फाडून दिलं, सदतीस. आत गेले तर सदतीसवर एक गृहस्थ आधीच बसलेले, हातात तिकीट, नंबर तोच. मी तशीच खिडकीशी परत आले आणि त्या माणसाची अशी खरडपट्टी काढली की रांगेतली माणसं नाटक विसरून हेच बघत राहिली. तो उभा राहिला, चूक माझी म्हणाला. खिडकीतली स्वतःची खुर्ची उचलून आत आला, ती सदतीसच्या शेजारी वाटेत मांडली, त्या गृहस्थांना हात जोडून तिच्यावर बसवलं आणि मला म्हणाला, "सदतीस तुमचा. आता कुणीही आलं तरी उठायचं नाही." स्वतः मात्र तो सबंध खेळ खिडकीत उभ्यानेच तिकिटं मोजत राहिला.

मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. "म्हणजे बाबा, एक खुर्ची दोघांना कधी विकली नाही, हे सगळं..."

"तेवढी एक सोडून," हे पुटपुटले.

"आणि आई, तू एवढी वर्षं गप्प?"

"मी कशाला बोलू?" मी म्हटलं. "खुर्ची मला मिळाली होती."

सुनेने लॅपटॉप जवळ ओढला, उघडला, आणि पडद्यावरचा तो सदतीस नंबर बोटाने मला दाखवला. मग टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला. तेव्हा मी सदतीसवरून उठले नव्हते. आज तीही उठली नाही.